आधी मागायचं असतं

कपबश्यांच्या त्या कारखान्यात एक रीत होती. ती कुठल्याही पाटीवर लिहिलेली नव्हती, कदाचित म्हणूनच सगळे ती मनापासून पाळायचे. वर्षातून एकदा भट्टी विझवायची. भट्टी म्हणजे विटांचा लांबलचक बोगदा. एका तोंडाने कच्च्या मालाचे गाडे आत जायचे आणि दुसऱ्या तोंडाने भाजून बाहेर यायचे. वर्षभर चकाकीचा लेप वितळून रुळांवर ठिबकायचा आणि तिथेच दगडासारखा घट्ट बसायचा. तो खरवडायला कुणीतरी एकाने तोंडाला ओला फडका बांधून, छिन्नी-हातोडी घेऊन, पोटावर सरपटत आत जायचं. भट्टी विझून कितीही दिवस झाले तरी आतल्या विटा ऊब धरून असत. नाकात, कानात, दातांच्या फटींत राख जायची. हौसेने जावं असं ते काम नव्हतं.

तर रीत अशी की आत जाणाऱ्याने भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं, सगळे कामगार भोवती जमायचे, मॅनेजर यायचे, आणि मग त्याने आपलं मागणं सांगायचं. वर्षभर दिवसपाळी, खिडकीजवळची जागा, लेकीच्या लग्नाला महिन्याची रजा. एका पठ्ठ्याने तर जेवणाच्या खोलीतला पंखा आपल्या बाकावर सरकवून घेतला होता. जे मागाल ते मिळायचं. अट एकच होती, की मागणं आत जायच्या आधी सांगायचं. बाहेर आल्यावर मागितलेलं कुणी कानावर घ्यायचं नाही.

फोरमनचा या रीतीवर फार विश्वास होता. त्याच्या आधीचा म्हातारा फोरमन निवृत्त होताना त्याला म्हणाला होता, "आत जायच्या आधी सगळ्यांच्या पोटात कालवतं रे. बाहेर आला की हेच लोक म्हणतात, बाबा, आधी आंघोळ करून ये." यावर दोघं खूप हसले होते. म्हाताऱ्याने आपल्याला नुसता विनोद सांगितला असं फोरमनने धरलं, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं तो विनोद म्हणूनच नव्या कामगारांना ऐकवला. कामात तरबेज माणसांचं हे असं असतं. हातातल्या कामाखेरीज कशाचाही दुसऱ्यांदा विचार करायला त्यांना फुरसत नसते.

कारखान्यात अंगाने काडी असलेला एक कामगार होता, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. यंदा ऐन कामाच्या दिवसांत एक गाडा रुळावरून घसरून भट्टीत आडवा झाला. भट्टी घाईघाईने विझवली, पण ती पुरती निवेपर्यंत थांबलं तर आडव्या गाड्याच्या रेट्याने वरची कमान खाली बसेल आणि सगळी भट्टीच पाडावी लागेल, अशी भीती होती. सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले. पैलवानाने फडका भिजवला, तोंडाला बांधला आणि तो आत शिरला. गाड्याला साखळी लावून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवया जळाल्या होत्या. वाटेतला लेप आड येत होता म्हणून त्याने तोही निम्म्याहून जास्त फोडून काढला होता.

थोड्या दिवसांनी तो फोरमनकडे आला. सासूचं दुखणं होतं आणि बायको एकटी पडत होती. संध्याकाळी घरी असायला हवं म्हणून त्याला दिवसपाळी हवी होती.

"आत जायच्या आधी बोलायचं असतं," फोरमन म्हणाला.

"तेव्हा बोलायला वेळ कुठे होता?"

"ते खरंय. पण आज तुझ्यासाठी रीत मोडली की उद्या प्रत्येक जण मागचं उकरून काढत येईल."

पैलवान "बरं" म्हणून गेला. पुढे ठरल्या दिवशी भट्टीची वार्षिक सफाई निघाली. आत जाणाऱ्या दुसऱ्या गड्याने तोंडाशी उभं राहून दिवसपाळी मागितली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मॅनेजरनी मान डोलावली. त्याने अजून छिन्नीलाही हात लावला नव्हता आणि निम्मं काम तर आधीच झालेलं होतं. आपण अन्याय केला असं फोरमनला जराही वाटलं नाही. उलट आपण फार सरळ वागलो याचं त्याला समाधानच वाटलं.

घरी हा फोरमन तिघा भावंडांतला थोरला, म्हणून दादा. त्याच्या पाठची बहीण बेबी. लहानपणी कुणीतरी लाडाने ठेवलेलं नाव तिला असं चिकटलं की केस पिकायला लागले तरी ती बेबीच राहिली. तिसरा धाकटा. तो परगावी एका बँकेत होता, आणि तिथून फोनवर फार गोड बोलायचा.

आईवडिलांचं घर गल्लीच्या टोकाला, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून होतं. पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि छोटंसं अंगण. वडील आजारी पडले तेव्हा बेबी एका शाळेत शिवण शिकवत होती. थोड्या दिवसांपुरती म्हणून तिने नोकरी सोडली. थोड्या दिवसांपुरती असं सगळेच म्हणाले होते. वर्षभराने वडील गेले, आणि त्याच सुमाराला आई अंगणाच्या पायरीवरून पडून कायमची अंथरुणाला खिळली. त्याला आता आठ वर्षं होत आली होती. बेबीचं लग्न, नोकरी, बाहेरगावी जाणं हे सगळं कधी बोलण्यातून गेलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. फोरमन महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, आईच्या पलंगाजवळ खुर्ची ओढायचा आणि "कशी आहेस?" विचारायचा. आई "बरी आहे" म्हणायची. मग चहा घेऊन तो शेवटची बस चुकेल म्हणत निघायचा, जरी त्यानंतर आणखी कितीतरी बसेस असायच्या.

अशात धाकट्याचा फोन आला. त्याची बदली याच गावात झाली होती. "दादा, फार झालं आता," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून आईला मी सांभाळणार."

फोरमनला भरून आलं. त्याने बायकोला सांगितलं तर तिचेही डोळे पाणावले. मामांना कळवलं तर ते फोनवरच हुंदके द्यायला लागले. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. त्यांनी जन्मभर लिलाव पुकारले होते, त्यामुळे त्यांनी नुसतं पाणी मागितलं तरी शेजारच्या घरातला माणूस भांडं घेऊन उठायचा. "असा मुलगा मिळायला भाग्य लागतं!" मामा गरजले. रविवारी सगळ्यांनी आईच्या घरी जमायचं ठरलं.

जमायचं मुख्य कारण घर होतं. ते आईच्या नावावर होतं, आणि आईने केव्हाच सांगून ठेवलं होतं, "दादा म्हणेल तिथे मी सही करीन." म्हणजे थोरल्याचा शब्द हाच शेवटचा शब्द. फोरमनला या गोष्टीचा थोडा अभिमान होता, आणि तो लपवायचा त्याने कधी प्रयत्न केला नाही.

रविवारी पुढच्या खोलीत मामा आरामखुर्चीत, धाकटा आणि त्याची बायको पलंगावर, फोरमन आणि त्याची बायको खुर्च्यांवर अशी बैठक बसली. आई मागच्या खोलीत झोपली होती. बेबी स्वयंपाकघरात चहाचं बघत होती, आणि ती बैठकीत नाही हे कुणाला खटकलं नाही.

"मी ठरवलंय," धाकटा म्हणाला. "नोकरी सांभाळून जमेल तसं नाही, अगदी मनापासून करणार. हिचीही तयारी आहे."

"वा!" मामा म्हणाले. "अरे, आजकाल पोटची पोरं ढुंकून बघत नाहीत! आणि हा स्वतःहून एवढी जबाबदारी अंगावर घेतोय!"

"सोपं नाही हो ते," फोरमनची बायको म्हणाली.

"सोपं कसं असेल? सगळं आयुष्य बदलून जाणार या दोघांचं!"

धाकट्याच्या बायकोने नम्रपणे खाली बघितलं. फोरमनला भाऊ एकदम फार मोठा झाल्यासारखा वाटला. हा सोन्यासारखा माणूस आता कुठल्या कुठल्या हालअपेष्टांतून जाणार, या विचाराने त्याचा जीव कळवळला, आणि अशा वेळी त्याला सुचण्यासारखं जे होतं तेच सुचलं.

"हे बघ," तो म्हणाला, "आमच्या कारखान्यात एक रीत आहे. अवघड कामाला हात घालायच्या आधी माणसाने काय हवं ते सगळ्यांसमोर मागून टाकायचं. म्हणजे मागाहून कुरकुर नको. तूही सांग. संकोच करू नकोस."

धाकट्याने बायकोकडे बघितलं. "तसं काही नको, दादा. पण घर माझ्या नावावर झालं तर बरं पडेल. आईसाठी न्हाणीघर आत घ्यायचंय, दरवाजे रुंद करायचेत. दुसऱ्याच्या घरात एवढी तोडफोड कशी करणार?"

"रास्त आहे!" मामा म्हणाले. आणखी कुणी मोठी बोली लावतंय का हे बघावं तशी त्यांनी सवयीने खोलीभर नजर फिरवली.

"मग ठरलं," फोरमन म्हणाला. "घर धाकट्याचं."

बेबी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती केव्हापासून तिथे होती कोण जाणे. "आणि मी कुठे राहायचं?" तिने विचारलं.

"तू? तू तर सुटलीस गं!" मामा खूश होऊन म्हणाले. "आता हिंड, फिर, मजा कर!"

"हिंडून फिरून आल्यावर कुठे यायचं, ते विचारतेय, मामा."

"दादाकडे राहा थोडे दिवस," धाकटा म्हणाला. फोरमनच्या बायकोने पदर सावरला.

बेबी फोरमनकडे वळली. "दादा, मला मागची खोली हवी होती. माझ्या नावावर. मशीन टाकून शिवणाची कामं घेईन, चार मुलींना शिकवीन. इतकी वर्षं मी इथे आहे. मलाही काहीतरी मागायचंय."

"तू आधी बोलायला हवं होतंस, बेबी," फोरमन म्हणाला.

वाक्य तोंडातून तयारच बाहेर पडलं. त्यात राग नव्हता, हिशेब नव्हता, वाईट हेतू तर अजिबातच नव्हता. वर्षानुवर्षं वापरून ते इतकं गुळगुळीत झालं होतं की बोलणाऱ्यालाही ते घासलं नाही. मामांनी "तेही खरंच" म्हणून मान हलवली. बेबीने ट्रे टेबलावर ठेवला, सगळ्यांच्या हातात कप दिले, आणि ती धाकट्याला म्हणाली, "चहा झाला की आत ये. आईची कूस बदलायची वेळ झालीये. पुढच्या महिन्यापासून तुलाच करायचंय, तर शिकून घे."

तिच्या आवाजात खवचटपणा असता तर बरं झालं असतं, निदान कुणाला तरी उत्तर देता आलं असतं. पण तिने खरोखरच शिकवायला सुरुवात केली. आईला हाताला धरून ओढायचं नाही. एक हात खांद्याखाली, एक गुडघ्याखाली. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखम होते. एकदा झाली होती, ती भरून यायला सबंध थंडी गेली. जेवण पातळ करून चमच्याने भरवायचं आणि नंतर अर्धा तास टेकून बसवून ठेवायचं, नाहीतर ठसका लागून जीव घाबरा होतो. तिला एकटं ठेवून तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहायचं नाही. दुपारी ती बाबांना हाका मारते. ते गेले असं सांगायचं नाही, येताहेत म्हणायचं, नाहीतर दर दुपारी ते तिच्यासाठी नव्याने जातात.

"आणि एक," बेबी म्हणाली. "अंथरूण ओलं झालं की ती सांगत नाही. लाजते. 'आज किती तारीख?' असं विचारते. तारीख विचारली की समजून घ्यायचं."

धाकट्याच्या बायकोचा चेहरा उतरत चालला होता. "ताई, रात्री साधारण किती वेळा उठावं लागतं?"

"दोनदा. कधी चारदाही."

"बाप रे!" मामा दारातून म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच त्या घराला शोभेल इतका लहान झाला होता.

सगळे परत पुढच्या खोलीत आले ते काळजीत बुडूनच. हे एकट्या-दुकट्याचं काम नाही यावर मामांचं आणि फोरमनच्या बायकोचं लगेच एकमत झालं. तिने रोज संध्याकाळचा डबा पाठवायचं कबूल केलं. मामा म्हणाले, "मी एक दिवसाआड दुपारी येऊन बसेन. मला काय, घरी बसायचं ते इथे बसायचं." रात्रीसाठी एखादी बाई बघू, असंही निघालं. आता फोरमनची पाळी होती, आणि तो मागे हटणाऱ्यांतला नव्हता.

"रविवारी मी येणार," तो धाकट्याला म्हणाला. "दर रविवारी. सकाळी येईन तो रात्रीपर्यंत. तुम्ही दोघं घराबाहेर पडा, जरा मोकळे व्हा. शेवटी माणूस आहे, मशीन नाही. एवढा ताण सहन करायचा म्हणजे चेष्टा आहे का?"

बेबी कोपऱ्यात चादरींच्या घड्या घालत होती. तिने मान वर करून विचारलं, "रविवारी मोकळा असतोस तू, दादा?"

अगदी साधा प्रश्न होता. तिला खरंच माहीत नव्हतं.

"असतो की," फोरमन म्हणाला.

म्हणाला खरा, आणि ते दोन शब्द त्याच्याच कानात अडकून बसले. रविवारी तो मोकळा असायचा. गेले कितीतरी रविवार मोकळाच होता. पेपर वाचायचा, दुपारी झोपायचा, संध्याकाळी चौकात उभा राहून गप्पा मारायचा. यांतला एकही रविवार या घराला देता येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि आता ज्याने एक चमचाही उचलला नव्हता त्याला त्याने सगळेच्या सगळे देऊन टाकले होते.

आईकडे जाऊन येतो म्हणून तो उठला. मागच्या खोलीत औषधांचा आणि साबणाचा वास होता. आई जागी होती. तो पलंगाजवळ बसला आणि म्हणाला, "कशी आहेस?"

"बरी आहे." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "आज किती तारीख रे?"

फोरमनने तारीख सांगितली. वारही सांगितला. आई छताकडे बघत राहिली, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो धडपडत उठला. त्याने पांघरुणाला हात घातला. एक हात खांद्याखाली, दुसरा कुठे म्हणाली होती ती? ज्या हातांना कारखान्यातलं कुठलंही जड ओझं कुठे धरायचं ते न बघता कळायचं, ते हात आईच्या अंगावर नुसतेच अधांतरी राहिले.

"तू नको," आई म्हणाली. तिने पांघरूण घट्ट धरलं होतं. "बेबीला बोलाव. तू बस बाहेर. पाहुण्यांनी नसतं करायचं हे."

त्याने बेबीला हाक मारली आणि तो अंगणात जाऊन उभा राहिला. शेजारच्या दुकानात कुणीतरी सायकलचं चाक गरागरा फिरवून बघत होतं. पाहुणा. आईने टोमणा मारला नव्हता, जे होतं ते म्हटलं होतं. फोरमनला लाज वाटली. इतकी लाज त्याला शाळेत कॉपी करताना पकडला गेला तेव्हाही वाटली नव्हती. आणि कुठून कोण जाणे, त्याच वेळी त्याला जळक्या भुवयांचा पैलवान आठवला. 'बरं' म्हणून गेलेला. त्याची दिवसपाळी सोमवारी सगळ्यांत आधी बघायची असं त्याने ठरवलं. मॅनेजर काय म्हणायचं ते म्हणोत. पण पैलवानाचं सोमवारी बघता येणार होतं. इथलं मात्र आत्ताच बघायला हवं होतं, कारण पुढच्या खोलीत मामा न्हाणीघराच्या भिंती कुठून पाडायच्या ते मोठमोठ्याने सांगायला लागले होते.

तो आत आला आणि उभ्या उभ्याच बोलला. "मी मघाशी चुकलो. घर बेबीचं. नुसती मागची खोली नाही, सगळं घर. आईला मी तसंच सांगणार आहे."

मामांनी कप खाली ठेवला. "अरे, दिलेला शब्द असा फिरवतात का? आणि मागचं काय उगाळत बसलास? ते झालं. पुढे सांभाळणार कोण, ते बघ!"

"मामा, वर्षभराने याने केलेलंही मागचंच होईल. तेव्हा याला विचारणारा कोण?"

मामांनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. लिलावात असा प्रसंग त्यांच्यावर आला नसावा.

"म्हणजे आईचं सगळं मी करायचं आणि घर ताईचं?" धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजातला गोडवा आता उतरला होता.

"हो. बेबीने काय मागून घेतलं होतं सुरुवात करताना?"

धाकट्याची बायको उगाच पर्स उघडू-मिटू लागली, आणि तिच्या चेहऱ्यावर मघापासून पहिल्यांदाच थोडा रंग परतलेला दिसला. "आपण नीट विचार करून कळवू या ना," ती नवऱ्याला म्हणाली. नीट विचार करून कळवतो म्हणणारी माणसं काय कळवतात ते त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. थोड्याच वेळात दोघं निघाले. मामांना अचानक एक काम आठवलं. फोरमनची बायको दारापर्यंत गेली, घुटमळली, परत येऊन बेबीच्या पाठीवर क्षणभर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, मी पुढे होते. तुम्ही या सावकाश."

बेबी स्वयंपाकघरात कप विसळत होती. फोरमनने फडकं घेतलं आणि तो एकेक कप पुसायला लागला. कप त्याच्याच कारखान्यातले होते, कडेला बारीक टवका गेलेले, मोडीतले म्हणून त्यानेच कधीतरी आणून दिलेले.

"तो काही येत नाही आता," बेबी म्हणाली.

"माहितीये. पण मी येणार. बेबी, पुढच्या महिन्यापासून दर रविवारी मी. आणि डब्याचं मी घरी बोलतो. रात्रीसाठी एक बाई ठेवू. तू पुढच्या वर्षी तुझं शिवण..."

"पुढचं राहू दे, दादा."

"अगं, खरंच सांगतोय. या वेळी नुसतं..."

"खरंच सांगत असशील. पण पुढचं सगळेच सांगतात. आज सकाळपासून तेच ऐकतेय." तिने नळ बारीक केला. "घर दिलंस, बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पण मला एक हवंय. मी इतकी वर्षं काय केलं, ते एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय. कौतुक नको. नुसतं काय काय झालं ते सांग."

"हात्तिच्या," फोरमन म्हणाला, आणि त्याने घसा साफ केला. "तू आईला सांभाळलंस. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायचीस. रात्रीसुद्धा उठायचीस. पाठीची ती जखम..."

"ते आज मीच सांगितलं. त्याआधीचं सांग."

त्याने आठवून बघितलं. वडिलांचं दुखणं. त्या वर्षी कारखान्यात दुसरी भट्टी बांधत होते, एवढं त्याला अगदी वीटन् वीट आठवत होतं. आई पडली तो दिवस. तो संध्याकाळी पोचला होता आणि तोवर सगळं झालं होतं. कुणी केलं होतं? मघाशी धाकट्याच्या पुढे येणारी एकेक रात्र त्याला स्वच्छ दिसली होती. तो दमलेला, केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले. त्या नुसत्या कल्पनेवर त्याने आपले सगळे रविवार देऊन टाकले होते. बेबीच्या रात्री तर खरोखरच झालेल्या होत्या, इतक्या झाल्या होत्या की मोजता आल्या नसत्या, आणि त्यांतली एकसुद्धा त्याच्या डोळ्यांपुढे येईना. त्याने हातातला कप उगाच पुन्हा पुसला.

"मला काही माहीत नाही, बेबी," तो म्हणाला. "मला खरंच काही माहीत नाही."

तिने नळ बंद केला. त्याला वाटलं, आता ही रडेल किंवा चिडेल. पण तिने पदराला हात पुसले आणि पायाने स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"मग बस," ती म्हणाली.

तो बसला. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि सांगायला लागली. बाबांना तिने पहिल्यांदा एकटीने उचललं तेव्हा तोल गेला आणि दोघंही खाली आपटले. उठवायला घरात कुणी नव्हतं. मग दोघं तसेच भिंतीला टेकून जमिनीवर बसून राहिले, आणि बाबा म्हणाले, चला, बऱ्याच दिवसांनी तुझ्याशी गप्पा मारायला मिळाल्या, आणि मग दोघांना हसू आवरेना. हसता हसता बाबा रडायला लागले, आणि आपण त्यांचे डोळे कशाने पुसले तेही तिला आठवत होतं.

फोरमनने फडक्यात तोंड लपवलं. ती थांबली नाही. तिला खूप सांगायचं होतं, आणि अजून पहिला महिनाच चालला होता.